बायपासचं चाक

हवेचं मशीन चालू असलं की आमच्या मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींना लागून बारीक किणकिणत. पाहुणे दचकायचे. आई म्हणायची, "काही न्हाई, मशीन चालू हाय." आम्हाला मात्र त्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. गावाच्या खालच्या अंगाला, नदीला लागून, गटाराचं पाणी साफ करायचं केंद्र उभं राहिलं आणि तिथल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायला गेलो, तेव्हा मी अकरावीत होते. बाबा तिथं ऑपरेटर होते. ऑपरेटर हा शब्द आमच्या घरात फार दिवस नवा राहिला. आई तो मुद्दाम सावकाश, पूर्ण म्हणायची. बाजारात भाजीवालीनं विचारलं, "तुमचे मालक काय करतेत?" तर आई अंबाडीची जुडी हातात तोलत सांगायची, "ऑपरेटर हायेत, नदीवरच्या मशीनवर."

गावाचं नाव मी लिहीत नाही. हिंगोली जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की बाकीची गावं सुटतात. 'ते त्यांचं, आपल्याकडं तसं नाही' म्हणून वाचणारा पान उलटतो. नदीचं नाव सांगते. आम्ही तिला जांबी म्हणायचो. नकाशात शोधायला जाऊ नका, नकाशा काढणाऱ्यांनी तिला ओढा समजून सोडून दिलं आहे. पण तिच्या काठाला माणसं राहतात, तिच्यात धुणं धुतात, तिच्या पात्रातल्या विहिरीचं पाणी पितात आणि पुढं जाऊन ती कयाधूला मिळते. ओढा म्हटल्यानं यातलं काही बदलत नाही.

बाबांच्या थोरल्या बहिणीला, गयाआत्याला, ही नोकरी पसंत नव्हती. आत्याला नदीच्या खालच्या अंगाला, तासाभराच्या चालीवर असलेल्या वाडीत दिलेलं होतं. पहिल्यांदा क्वार्टरवर आली ती दारातच थांबली. नाकाला पदर लावला आणि समोरच्या भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडं बोट केलं. "किसन, त्यांनी काय सांगितलं व्हतं आपल्याला? ही घाण सोडा म्हणले. अन् तू परत तिथंच येऊन बसला?" आमच्या आजोबांनी गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं त्या साली गावानं त्यांना वर्षभर काम दिलं नव्हतं. कळण्याची भाकर आणि तरोट्याच्या भाजीवर घरानं ते वर्ष काढलं. आत्यानं ते वर्ष खाल्लेलं होतं, बाबा तेव्हा पाळण्यात होते. म्हणून तिचा शब्द बाबांना लागला. पण ते रागावले नाहीत. म्हणाले, "अक्का, मी घाण उचलत न्हाई. घाणीचं पाणी करून राहिलो. ये, दाखवतो."

त्यांनी तिला सगळं फिरवून दाखवलं. गटाराचं पाणी जिथं येऊन पडतं ती खोल विहीर, तिथून पंपानं वर चढून ज्यात हवा सोडली जाते ती टाकी, आणि नंतर गाळ खाली बसवणारी गोल टाकी. "ताक ठेवलं की निवळी कशी वर येती? तसंच हाय हे. फक्त याला हवा लागती, दिवसरात. हवा न्हाई भेटली की सडतं." शेवटी नदीत पाणी सोडायच्या तोंडाशी ते बसले, दोन्ही हातांच्या ओंजळीत ते पाणी घेतलं आणि त्यानं तोंड धुतलं. आत्या बघत उभी होती. मग तिनं नाकावरचा पदर काढला. त्या दिवशी आईनं वरण-भाकरी आणि तिळाची चटणी केली होती. आत्या पोटभर जेवली, आणि वाडीला परत गेल्यावर तिनं घरोघर सांगितलं, "नदीची काळजी करू नका बायांनो. आता आमच्या किसनच्या मशीनीतून येऊन राहिलं पाणी."

वाडीच्या नळाची विहीर नदीच्या पात्रातच होती. केंद्र होण्याआधी वाडीच्या बाया त्या पाण्याला नाक मुरडायच्या आणि वरच्या शिवारातल्या एका मळ्यातून डोक्यावर हंडे आणायच्या. मळेवाला घेऊ द्यायचा, पण बादली त्याचा गडी ओतायचा, ह्यांच्या हाती द्यायचा नाही. आत्याच्या शब्दावर बायांनी ते हंडे खाली ठेवले. हे मी आज सांगते आहे तेव्हा त्याचा अर्थ मला कळतो. एका बाईनं आपल्या भावावर ठेवलेला विश्वास अख्ख्या वाडीनं पिऊन टाकला होता.

त्याच साली आत्याच्या मुलाचं, प्रकाशदादाचं, लग्न झालं. वंदनावहिनी माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. दहावी झालेली, पुढं शिकायचं होतं पण घरच्यांनी उजवून टाकलं. आठवडी बाजाराच्या दिवशी ती आत्याबरोबर यायची आणि आत्या बाजार करेपर्यंत आमच्याकडं थांबायची. माझी विज्ञानाची पुस्तकं मांडीवर घेऊन पानं उलटायची. बेडकाच्या पोटातली चित्रं बघून हसायची. "हे तुमी कापता व्हय? अन् रातीला जेवण जातं?" तिला शिकवायचं म्हणून मी जो धडा वाचायचे तो मला परीक्षेत नेमका यायचा. माझ्या अकरावीच्या गुणांतले अर्धे तिचे आहेत, असं मी तेव्हा म्हणायचे आणि ती खूश व्हायची.

पहिलं वर्षभर मशीन चाललं. मग ठेकेदार बदलला, आणि पोळ्याच्या सुमारास एक दिवस ताटल्या वाजायच्या थांबल्या. आईनं मांडणीकडं पाहिलं, मग बाबांकडं. बाबा म्हणाले, "सुपरवायझर म्हणला, लई वीज जळती. साहेब लोक यायच्या वक्ताला चालू करायचं." सुपरवायझर म्हणजे ठेकेदाराचा माणूस. गॉगल, मोटरसायकल, खिशात दोन पेनं. त्यानं बाबांना एक लोखंडी चाक दाखवलं, जमिनीतून वर आलेलं, मोटारीच्या स्टिअरिंगएवढं. ते उलटं फिरवलं की गटाराचं पाणी पंपाकडं न जाता दुसऱ्या पाइपातून थेट नदीत उतरायचं. त्याला बायपास म्हणत. पंप बिघडला तर तासा-दोन तासांपुरतं वापरायचं म्हणून ते ठेवलेलं असतं. आमच्याकडं ते उघडलं ते उघडंच राहिलं. पंप, टाक्या, रंगवलेलं फाटक, 'नदी आपली माता' लिहिलेली कमान, सगळं जागच्या जागी होतं. फक्त घाण त्याला वळसा घालून जात होती.

बाबा काही बोलले नाहीत असं नाही. एकदा मी ऐकलं, ते सुपरवायझरला म्हणाले, "साहेब, खाली लोकं पितेत हे पाणी." सुपरवायझर हसला. "अरे किसनराव, नदी है, बहता पानी है. बहते पानी को कुछ नहीं होता." मग मराठीत म्हणाला, "तुला तकलीफ असेल तर सांग, दुसरा माणूस हाय माझ्याकडं." बाबांनी चाक तसंच उघडं ठेवलं. कायम नोकरी नव्हती, ठेकेदाराच्या मर्जीवर होती, आणि क्वार्टर तिच्याबरोबर होतं. मी बाबांना आज दोष देते आणि देत नाही, दोन्ही करते. पण त्या गॉगलवाल्याला काय म्हणायचं? वाहतं पाणी शुद्ध असतं असं म्हणणाऱ्या माणसाच्या घरी पाणी गाळून, उकळून, वर फिल्टरमधून यायचं. हे मला माहीत आहे, कारण त्या फिल्टरची नवलाई तो स्वतःच आईला सांगत बसायचा.

आता माझ्या वाट्याचं लिहिते. दर महिन्याला दोन बाटल्या भरून तपासणीला पाठवायच्या असत. एक आत येणाऱ्या पाण्याची, एक बाहेर पडणाऱ्या. बाहेर पडणारं पाणी म्हणून सुपरवायझरनं आमच्या क्वार्टरमागच्या बोअरचं पाणी भरायला सांगितलं. माझं अक्षर चांगलं म्हणून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहायचे. पहिल्याच खेपेला वरून विचारणा आली की इतकं चोख पाणी कसं. सुपरवायझर वैतागला. तेव्हा मी, बारावी सायन्सची विद्यार्थिनी, पुढं झाले. बादलीभर बोअरच्या पाण्यात गटाराच्या विहिरीतलं किती पाणी टाकलं की ते 'साफ केलेल्या मैलापाण्यासारखं' दिसेल, हे मी तीन बादल्या ओळीनं मांडून ठरवलं. एक लोटी. एका बादलीला एक लोटी. पुढच्या महिन्यात बाटली पास झाली. सुपरवायझर बाबांना म्हणाला, "पोरगी हुशार हाय तुमची. इंजिनियर करा तिला." मला त्याचा आनंद झाला. हे मी लपवणार नाही. कुणी मोठ्या माणसानं माझ्या डोक्याला दाद दिलेली ती पहिलीच वेळ, आणि मी दिवसभर ते वाक्य मनात घोळवत होते. सात महिने मी त्या बाटल्या भरल्या. वंदनावहिनी तेव्हाही बाजारच्या दिवशी येत होती, माझी पुस्तकं चाळत होती. तिनं एकदा विचारलं, "आज ताटल्या वाजून न्हाई राहिल्या?" मी म्हणाले, "दुरुस्ती चालू हाय."

माघ-फाल्गुनात आमच्याकडं हळद शिजते. शिवारभर कढया लागतात, शिजलेल्या हळदीचा उग्र, ओला वास गावात शिरतो, कपड्यांना बसतो, भाकरीलाही लागतो. वाडीच्या सगळ्या बाया हळदीच्या कामाला जात. हात पिवळे, पाय पिवळे, नखं पिवळी, धुतली तरी न जाणारी. वंदनावहिनीला सातवा महिना होता, तरी ती सावलीत बसून हळकुंडं निवडत होती. अंगात कणकण आहे, अन्नाचा वास नको वाटतो, असं ती म्हणायची. दिवस असलेल्या बाईचं हे असायचंच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तिचे डोळे पिवळे झाले तेव्हाही बायांनी म्हटलं, हळदीचा हात डोळ्याला लागला असंल. वाडीत आणखी दोन-चार घरांत माणसं पडली होती. त्यांनाही ऊन लागलं म्हणत होते. हळदीच्या हंगामात कावीळ आली आणि पिवळ्यात पिवळं मिसळून गेली.

एका सकाळी वहिनीला उलट्या सुरू झाल्या आणि ती असंबद्ध बोलायला लागली. प्रकाशदादानं जीप केली आणि नांदेडला निघाले. आत्या सोबत होती. कळमनुरी मागं पडलं तसं वहिनीनं बोलणं सोडलं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही पाण्यातून होणारी कावीळ, एरवी माणूस उठतं यातून, पण पोटुशीला ही फार वाईट. चौथ्या दिवशी ती गेली. बाळ आधीच गेलं होतं.

वाडीत नंतर आरोग्याची माणसं आली. त्यांनी विहिरीत पांढरी पावडर टाकली, कागद वाटले. कागदावर चित्र होतं, एक बाई नळाखाली हात धरून उभी, आणि लिहिलं होतं, 'हात धुवा, रोग टाळा'. हात धुवा. कोणत्या पाण्यानं? त्यांच्याबरोबर सुपरवायझरही आला होता, पाहणीला. वाडीच्या समाजमंदिरासमोर उभं राहून, पुढं केलेल्या खुर्चीला हात न लावता, तो म्हणाला, "या लोकांना साफसफाईची सवयच न्हाई." मी तिथं होते. वंदनावहिनीच्या घराचं अंगण तिथून दिसत होतं, सकाळीच सारवलेलं, ओट्याच्या भिंतीवर तिनं उठवलेली रांगोळीची बोटं अजून पुसलेली नव्हती. आज इतकी वर्षं झाली, मी शेकडो अधिकाऱ्यांची भाषणं ऐकली, पण ते वाक्य आठवलं की माझी कानशिलं अजून तापतात. ज्यांनी गावाची विष्ठा साफ न करता दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात सोडली, ते आम्हाला साफसफाई शिकवत होते.

वहिनीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती. घरात पाहुणे होते, त्यांना जेवायला घालायला हवं होतं. मी शेजारी पीठ मळत होते. मला ते पोटात ठेवणं होईना. मी म्हणाले, "आत्या, मशीन बंद हाय."

"कधीपसून?"

"पोळ्यापसून."

तिचा हात थांबला नाही. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "मंग नदीत काय येऊन राहिलं?"

"सगळं. जसंच्या तसं." आणि मी थांबले नाही. बायपासच्या चाकाचं सांगितलं, बाटल्यांचं, बोअरचं, लोटीचं. तीन बादल्या मांडून ठरवलं तेही सांगितलं.

"किसनला ठावं हाय?"

"व्हय."

"अन् तुला बी ठावं व्हतं."

"व्हय."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. आत्यानं ती उलटली नाही. मला वाटलं आता ती मला मारेल, आणि मला ते हवं होतं. तिनं करपलेली भाकरी उचलून बाजूला ठेवली, पिठाचे हात झटकले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी सांगत फिरले ना गं घरोघर. माझ्या तोंडानं सांगितलं, प्या म्हणून." मग पदर खोचत उठली, "कुठून सुटतं ते पाणी, चल दाखव."

नंतर मला खूप जणांनी समजावलं की तू लेकरू होतीस, तुझा काय दोष. आईनं समजावलं, शिक्षकांनी समजावलं, नवऱ्यानं समजावलं. आत्यानं हे एकदाही म्हटलं नाही. ते तिनं म्हटलं नाही म्हणून मी तिची ऋणी आहे. सतरा वर्षांची मुलगी लेकरू नसते, सात महिने तर मुळीच नाही.

आत्या एकटी आली नाही. वाडीतून निघताना तिनं दारं वाजवली, आणि आम्ही केंद्राच्या फाटकाशी पोचलो तेव्हा आमच्यामागं बारा-तेरा बाया होत्या. हळदीचं काम सोडून आलेल्या, तशाच पिवळ्या हातांच्या. बाबा फाटकाजवळच्या लिंबाखाली बसले होते. इतक्या बाया पाहून ते उठले. आत्या सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"किसन, ते चाक कुठं हाय?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं. "अक्का," ते म्हणाले, "माझी रोजी हाय. पोरीची बारावी हाय."

"माझी सून व्हती," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तू त्या पाण्यानं तोंड धुतलं माझ्यापुढं. म्हणून मी ऐकलं तुझं. काहून केलं किसन असं?"

बाबा आत खोलीत गेले. मला वाटलं, दार लावून घेतात. पण ते मोठा पाना घेऊन बाहेर आले, बायपासपाशी गेले आणि ते गंजत आलेलं चाक दोन्ही हातांनी फिरवायला लागले. महिनोन्महिने न हललेलं, ते किरकिरत फिरलं. नदीच्या बाजूला पाइपाच्या तोंडातून पडणारी काळी धार बारीक झाली, ठिबकली, थांबली. मग बाबांनी वरचा नट काढला, चाक दांड्यावरून उपसलं आणि आत्याच्या हातात दिलं. आता ते पाणी सोडायचं म्हटलं तरी कुणाला सोडता येणार नव्हतं. "पंप बंद अन् हे बी बंद," बाबा म्हणाले. "आता ते माघारी चढंल. गावात."

आत्यानं चाक मांडीवर घेतलं आणि तिथंच बसली. बाया तिच्याभोवती बसल्या. तासाभरात सुपरवायझर मोटरसायकलवर आला. "ये क्या तमाशा लगा रखा है?" तो बाबांवर धावून गेला, पोलिसांचं नाव घेतलं, सरकारी मालमत्तेचं नाव घेतलं. मग बायांकडं वळून म्हणाला, "चाक इकडं द्या, न्हाईतर गावभर घाण व्हईल." एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "व्हऊ द्या की. वाहतं पाणी हाय. त्याला काही व्हत न्हाई." हे वाक्य तिला कुणी सांगितलं ते मला माहीत आहे, कारण वाटेत मीच सांगितलं होतं.

मला एकच भीती होती. घाण माघारी चढली तर आधी आमच्या खालच्या जुन्या वस्तीत शिरणार, आमच्याच माणसांच्या दारात. मी बाबांना तसं म्हणाले. बाबा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "आपल्या वस्तीला गटार दिलंच कुठं त्यांनी? पाइप टाकला तो कॉलनीत, कोर्टाच्या रस्त्याला अन् बाजारपेठेत. आपल्याकडं तुंबायला काही न्हाईच." तोवर हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्या गावाची घाण साफ करायला माझे बाबा रात्रंदिवस बसले होते, त्या गावानं आमच्या वस्तीला त्या पाइपाला जोडलंसुद्धा नव्हतं. आम्ही फक्त राखणीला.

पहिला दिवस असाच गेला. बाया आळीपाळीनं घरी जाऊन येत होत्या, भाकरी बांधून आणत होत्या, आई चहा करून देत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी अधिकाऱ्यांच्या कॉलनीत रस्त्यावरची झाकणं उचलली गेली. मग कोर्टाच्या रस्त्यावर. मग एका मोठ्या पुढाऱ्याच्या फरशी घातलेल्या अंगणात. वाडीत माणसं पडली तेव्हा जे साहेब एकदाही आले नव्हते, ते त्या दिवशी चार वाजता जीप घेऊन, रुमालानं नाक दाबत हजर झाले. ते आत्याला 'मावशी' म्हणाले. "मावशी, चाक द्या, उद्याच्याला मशीन चालू करून देतो."

"आधी मशीन," आत्या म्हणाली.

"माझ्यावर भरोसा ठेवा."

"ठेवला व्हता, साहेब. माझ्या भावावर ठेवला व्हता. तुमची तर वळख बी न्हाई."

दिवस मावळायच्या आत वायरमन आला, मेकॅनिक आला, दोन माणसं पंपाच्या विहिरीत उतरली. जे काम महिनोन्महिने होत नव्हतं, त्याला अडीच तास लागले. पंप लागला, हवेचं मशीन धडधडलं, आणि घरात आई मांडणीपुढं उभी राहून रडायला लागली. बाया उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या बाबांना घेऊन टाक्यांपाशी गेली. "किती दिवस लागतेत पाणी निवळायला?"

"लगेच न्हाई व्हत. हवा लागत राहिली तर पंधरा दिवस. लई झालं तर तीन आठवडे."

"एवढंच?"

"एवढंच."

आत्या टाकीच्या कठड्याला धरून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. ती काहीतरी मोजत होती. पोळा ते हळद, मला वाटतं.

याचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ज्यांना लाज वाटायला हवी होती त्यांना ती वाटेल असं त्यात काही झालं नाही. मशीन चालू राहिलं तसं आत्यानं चाक परत दिलं आणि बाया उठल्या. चौकशी झाली. वाडीच्या नळाचा पाइप फुटून नाली आत शिरल्यानं रोग पसरला, असं तिच्यात लिहिलं गेलं. पाइप फुटलेला नव्हता. मी आणि बाबांनी बाटल्यांचं सांगितलं, ते लिहून घेतलं नाही. सुपरवायझर दुसऱ्या तालुक्यात गेला. शिक्षा एकालाच झाली. परवानगीशिवाय चाक काढून केंद्राच्या कामात अडथळा आणला म्हणून बाबांना काढून टाकलं, आणि आठ दिवसांत क्वार्टर सोडायला सांगितलं. चाक काढल्याबद्दल. उघडल्याबद्दल नाही. आम्ही जुन्या वस्तीत परत आलो. बाबा पुढं मोंढ्यात, अडत्यांच्या बाजारात, हळदीची पोती शिवायला जायला लागले आणि शेवटपर्यंत तेच करत राहिले. कुणी त्यांना शाबासकी द्यायला लागलं की ते उठून जात. आईजवळ एकदा म्हणाले, "मी आधीच काढायला पायजे व्हतं ते." ती बारावी माझी बुडाली. दुसऱ्या वर्षी झाले, पुढं शिकले, आणि आज पाणी तपासायचं काम करते. हे काम मी कुणाचं ऐकून निवडलं नाही. दुसरं काही करायचा मला हक्कच वाटला नाही.

वाडीच्या बायांनी मात्र एक ठरवलं. दर आठवडी बाजाराला येताना आधी केंद्रावर जायचं, पाणी सुटतं तिथं उभं राहायचं, बघायचं आणि मग बाजाराला जायचं. ऊन असो, पाऊस असो. पिशव्या काखेला, चार-पाच जणी तरी असायच्याच. रोज राबणाऱ्या, अक्षर न ओळखणाऱ्या बायांनी नदीचं पाणी राखायचं, आणि पगार घेणाऱ्यांनी वीज वाचवायची! हा राग माझा म्हातारपणीही उतरायचा नाही. पण त्या जात राहिल्या, आणि जितके दिवस जात राहिल्या तितके दिवस मशीन बहुतेक चाललं.

काही वर्षांनी मी सुट्टीला घरी आले होते तेव्हाची गोष्ट. मीही त्यांच्याबरोबर गेले. आत्याचे केस पांढरे झाले होते, गुडघे दुखत होते, पण पुढं तीच चालत होती. पाणी सुटायच्या तोंडाशी पोचलो तर धार गढूळ, वास मारणारी. आत्या फाटकातून आत गेली. खोलीत नव्यानं आलेला तरुण इंजिनियर बसला होता, टेबलावर डबा उघडून. आत्यानं विचारलं, "साहेब, मशीन काहून बंद हाय?"

त्यानं आधी तिच्या चपलांकडं पाहिलं, मग पिशवीकडं. "मेंटेनन्स आहे. जा तुम्ही. यातलं तुम्हाला काय कळतंय?"

"काही कळत न्हाई, साहेब," आत्या म्हणाली. "आमी निस्तं पितो."

बाकीच्या बाया एकेक करून आत आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या, पिशव्या मांडीवर घेऊन. बाजाराला उशीर होत होता, पण कुणालाच घाई नव्हती. काही वेळानं त्यानं डब्याचं झाकण लावलं, उठला, आणि बाहेर जाऊन पंप चालू केला.